न उमटलेले वळ

"शर्ट अजून वर घे. अजून. लाजतेस कशाला, इथे मीच आहे ना?"

मिएन लोखंडी खाटेवर पालथी पडली होती. तिच्या पाठीला मी पुदिन्याचं हिरवं तेल चोळलं आणि चांदीचं नाणं मणक्याच्या कडेकडेने वरून खाली ओढायला लागले. हे नाणं माझ्या सासूबाईंचं, कडा झिजून गुळगुळीत झालेलं. अंगात वारा शिरला की डोकं धरतं, मळमळतं, आणि नाणं ओढलं की तो वारा वळ होऊन कातडीवर उमटतो. थोडा असला तर लाल, फार असला तर जांभळा. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. निम्म्या गावाच्या पाठी मी अशा रंगवल्या आहेत, त्यात आमचे मुख्याध्यापकही आले.

मिएनच्या पाठीवर मात्र काही उमटेना. मी जोर वाढवला. ती दात आवळून पडून राहिली. फिकट गुलाबी रेघा आल्या आणि मिनिटभरात विरून गेल्या.

"वारा नाहीये तुझ्या अंगात," मी म्हणाले.

"मग काय आहे, काकू?"

"ते तूच सांग. आज कसला पेपर आहे?"

ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "गणिताचा. काकू, तेवढा पंखा बंद करता? आवाज डोक्यात जातोय."

"पंखा बंद करा म्हणे. खोली किती कोंदट आहे बघतेस ना? ऊठ, शर्ट नीट कर. मोठी राजकन्या लागून गेलीस."

ती उठली. भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली, वळून दोन्ही हात छातीशी घडी करून नमस्कार केला आणि पेपराला जाऊन बसली. चौदा वर्षांची पोर, नववीतली, चेहरा पार पांढरा पडलेला. तो पांढरा चेहरा मी पाहिला होता. पाहिला नव्हता असं म्हणायची सोय मला नाही.

मी थोआ. या शाळेच्या आरोग्य खोलीत सत्तावीस वर्षं काढली. दोन वर्षांचा परिचारिकेचा अभ्यासक्रम, तोही जुन्या काळातला, एवढंच माझं शिक्षण. पण खोटं आजारपण दारातूनच ओळखते, अशी माझी ख्याती होती आणि ती मीच पसरवली होती. गरम चहात थर्मामीटर बुडवणारी मुलं मी पकडली. मिरची डोळ्याला लावून साथ आली म्हणणारा एक महाभाग पकडला. शिक्षकखोलीत हे किस्से मी रंगवून सांगायचे आणि सगळे हसायचे. माणसाला एकदा अशी दाद मिळायला लागली की त्याला रोज एक चोर लागतो.

त्या दिवशी मिएन गेल्यावर मी माझी वही उघडली. कोण आलं, कधी आलं, काय झालं, ते मी त्यात लिहून ठेवते. मिएन तीन महिन्यांत सात वेळा आलेली. पहिल्यांदा गणिताची चाचणी. मग साहित्याचा पेपर. मग इंग्रजी, मग सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, पुन्हा इंग्रजी, आणि आज गणित. साध्या दिवशी एकदाही नाही. मी बोट ठेवून ठेवून जुळवलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. डोकेदुखी काय वेळापत्रक बघून येते?

दुपारी क्वेन आली. ही मिएनची वर्गशिक्षिका, गणितही तीच शिकवते. तिशीतली, कायम धावपळीत. दहावीच्या प्रवेश परीक्षेला नववीची मुलं बसतात, जागा थोड्या, आणि कुणाच्या वर्गाची किती मुलं लागली यावर शिक्षकाची किंमत ठरते. त्यात शाळेची वर्गावर्गांतली चढाओढ. दंडाला लाल पट्टी बांधलेली मुलं दर तासाला वर्गांतून फिरतात आणि गुण कापतात. पेपराच्या वेळी कुणी वर्गाबाहेर गेलं की पाच गुण गेले. पहिला असलेला क्वेनचा वर्ग मिएनमुळे चौथा झाला होता.

"थोआताई, मला खरं सांगा," ती दारातच उभी राहून म्हणाली. "पोरगी आजारी आहे का हो? असेल तर मी उपमुख्याध्यापक सरांशी भांडते, गुण कापू नका म्हणून. हुशार आहे ती, मला उगाच संशय घ्यायचा नाहीये."

ती माझ्या एका शब्दावर थांबली होती. मी वही तिच्यासमोर धरली.

"आजारी नाही. पाठीवर वळ उठला नाही. आणि हे बघ, सगळे दिवस पेपराचे."

क्वेनने वही वाचली. "असं करेल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर रागापेक्षा वाईट वाटणं जास्त होतं. मला मात्र जिंकल्यासारखं वाटत होतं.

आमच्या शाळेत चूक करणारं मूल कबुलीचा कागद लिहितं. मी लिहिला आहे, माझ्या मुलांनी लिहिला आहे, पंतप्रधानाच्या मुलानेही लिहिला असेल. कागदाला ठरलेला साचा असतो. वर देशाचं नाव, मग कुणाला लिहिलं, मग मी कोण, मी काय चूक केली, का केली, आणि शेवटी मी वचन देतो की. खाली आईची किंवा वडिलांची सही. शनिवारी शेवटच्या तासाला तो वर्गासमोर वाचायचा आणि मग तो मुलाच्या फाइलीत जायचा.

मिएनचा कागद माझ्या खोलीत लिहिला गेला, कारण गुन्हा माझ्या खोलीतला. तिने लिहिलं, 'पेपराच्या दिवशी माझं डोकं दुखलं म्हणून मी वर्ग सोडून गेले.' अक्षर इतकं सुरेख की कागद चौकटीत लावावा.

"ही कबुली झाली का?" मी कागद परत केला. "दुखलं असेल तर चूक कसली? दुखतं असं खोटं सांगितलं, असं लिही."

"पण काकू, दुखत होतं."

"मग नाणं खोटं का?"

तिने नवा कागद घेतला. दुसऱ्यांदा लिहिलं, 'मला वाटलं की माझं डोकं दुखतंय.' तोही मी परत केला. तिसऱ्या वेळी तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "तुम्ही सांगा काकू, मी लिहिते."

मी सांगितलं. 'पेपराची भीती वाटत होती म्हणून डोकं दुखत असल्याचं मी खोटं सांगितलं. आरोग्य खोलीच्या काकूंना फसवलं. वर्गाचे गुण घालवले. मी वचन देते की यापुढे डोकं दुखतं असं कधीही सांगणार नाही.' शेवटचं वाक्य मला जरा जास्तच आवडलं होतं. शनिवारी मी मुद्दाम वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिने न अडखळता वाचलं, बेचाळीस जणांच्या वर्गासमोर, दोन्ही हातांत कागद धरून.

त्यानंतरच्या आठवड्यात तिची आई, लाय, आली. बाजाराच्या तोंडाशी ती तांदळाच्या वाफवलेल्या गुंडाळ्या विकते. भल्या पहाटे पीठ कालवून चुलीपुढे बसते आणि मिएनही चारला उठून तिच्या हाताखाली असते. मग शाळा, मग शिकवणी, रात्री नऊला घर, मग अभ्यास. हे मला सगळं माहीत होतं. बाजारात रोज जाते मी.

"ताई, तुमचे उपकार," लायने केळीच्या पानातली पुडी माझ्या टेबलावर ठेवली. "तुम्ही कान पिळलात म्हणून ताळ्यावर आली. आता डोक्याचं नावसुद्धा काढत नाही. मला कुठला वेळ हो पोरीला वळण लावायला? नवरा दक्षिणेत कारखान्यात. वर्षाला एकदा येतो."

"अहो, आमचं कामच आहे ते," मी म्हणाले.

"गरम आहेत तोवर खा. आत मशरूम जास्त घातलंय."

मी खाल्ल्या. वर तळलेला कांदा, सोबत बुडवून खायला आंबटगोड माशाचं पाणी. सगळ्या खाल्ल्या आणि बोटंही चाटली. आज हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या पुडीची.

मिएन पुन्हा आली नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. शिक्षकखोलीत माझ्या किश्शांत एकाची भर पडली. मध्ये एकदा मी सायकली ठेवायच्या शेडमागे कचरा टाकायला गेले तर ती भिंतीला धरून वाकलेली दिसली. ओकत होती. माझी चाहूल लागताच तिने तोंड पुसलं, सरळ उभी राहिली आणि हात छातीशी घेऊन नमस्कार केला.

"काय गं, काय झालं?"

"सकाळी शिळं खाल्लं काकू. आता बरं वाटतंय."

"डोकंबिकं?"

"नाही काकू. डोक्याला काही नाही."

मी मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. त्या दिवशी इंग्रजीची चाचणी होती हे मला संध्याकाळी भाजी निवडताना आठवलं आणि मी ते भाजीच्या देठांबरोबर बाजूला सारलं.

मार्चमध्ये सराव परीक्षा झाली. दोन दिवसांनी क्वेन माझ्या खोलीत आली, हातात मिएनचा गणिताचा पेपर.

"ताई, हे बघा जरा. मला काही कळत नाहीये. पोरगी वर्गात पहिली, आणि हिला दहापैकी अडीच. पण चुकली कुठे तेच बघा."

मी गणितातली नाही. तिने मला बोट ठेवून दाखवलं. प्रश्नात ३८४ होते, मिएनने ८४ उतरवले होते. १२६ चे २६. ५१७ चे १७. पहिल्या पानावर सगळीकडे डावीकडचा आकडा गायब. आणि पुढची रीत अगदी बिनचूक. चौऱ्याऐंशी धरून उत्तर यायला हवं तेच आलेलं. दुसऱ्या पानावर अक्षर हळूहळू खाली घसरत गेलं होतं आणि मग पान कोरं.

"विचारलंस तिला?"

"विचारलं. म्हणाली, घाई केली बाई, चुकलं माझं. कबुलीचा कागद लिहू का, असं तीच म्हणाली मला."

क्वेन पेपर माझ्याकडे ठेवून तासाला गेली. मी ते ८४ बघत बसले. तो आकडा तिला दिसलाच नव्हता. बाकी काही कळत नसलं तरी एवढं मला कळलं. दिसत नसताना ती दीड तास तशीच बसून राहिली होती. हात वर करून एक शब्द बोलली असती तर कुणीतरी धावलं असतं. तो शब्द मी तिच्याकडून काढून घेतला होता, सहीसकट.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी प्रांताच्या रुग्णालयात गेले. बसने तासाभराची वाट. माझ्या बरोबरची एक मैत्रीण तिथे मेंदूच्या विभागात परिचारिका आहे, तिने मला डॉक्टरीणबाईंसमोर दहा मिनिटं बसवून दिलं. माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टर. मी पेपर पुढे ठेवला, वही ठेवली आणि सगळं सांगितलं. कबुलीच्या कागदाचं मात्र गाळलं.

"अर्धशिशी आहे," ती पेपर बघत म्हणाली. "तपासल्याशिवाय नक्की सांगणार नाही, पण वाटतंय तसंच. काही जणांना दुखणं सुरू व्हायच्या आधी नजरेची एक बाजू जाते. अर्धा तास, कधी जास्त. मग ठणका, ओकारी. उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही."

"पण डॉक्टर, फक्त पेपराच्या दिवशीच कसं?"

"तुम्हीच सांगितलंत की. पहाटे चारला उठते, रात्री बाराला झोपते, उपाशी शाळेत येते आणि वर परीक्षेची धास्ती. धास्ती आणि ताण हे तर अर्धशिशीला निमंत्रण आहे. या वयाच्या मुलांमध्ये तर आम्ही हे रोज बघतो." तिने माझी वही बोटाने माझ्याकडे सरकवली. "तुमच्या जागी मी असते तर या तारखा बघून पहिल्याच महिन्यात ओळखलं असतं."

"पाठीवर वळ उठला नाही हो," माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली नाही. हसली असती तर मला सोपं गेलं असतं. "कशाचा वळ उठणार, काकू? तिला घेऊन या. गोळी आहे, चांगली आहे. फक्त एक अट. दुखायला लागल्याबरोबर घ्यायला हवी. पोरीने लगेच सांगायला हवं. उशीर केला तर गोळीचा काही उपयोग नाही. जूनमध्ये परीक्षा म्हणता ना? मग तिला सांगायला शिकवा."

बसमध्ये मी सगळा वेळ तेच वाक्य ऐकत होते. तिला सांगायला शिकवा. तिला येत होतं सांगायला. सात वेळा येऊन सांगितलं होतं.

बसमधून उतरले ती थेट बाजारात गेले. लाय भांडी घासत होती. मी तिला अर्धशिशीचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. तिने हात धुवून ऐकलं आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"पण ताई, तिचं दुखायचं थांबलं ना आता? तुम्हीच थांबवलंत. दोन महिने एक अक्षर नाही बोलली. आणि डोकं कुणाचं दुखत नाही? माझंही दुखतं, डावीकडून धरतं ते दोन दिवस सोडत नाही. मी काय चूल बंद ठेवते?" तिने आत हाक मारली. "मिएन, ये गं बाहेर. काकू काय विचारतायत बघ. डोकं दुखतं का तुझं?"

मिएन हातात पुस्तक घेऊन आली. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"नाही आई."

"बघा," लाय म्हणाली. तिला सुटल्यासारखं झालं होतं. "तिचं काही नाही तर उगाच दवाखान्यात कशाला न्यायची? एक दिवस बुडतो तिचा."

मी मिएनला बाजूला घेतलं. "मिएन, माझं चुकलं तेव्हा. तू खरं बोलत होतीस. आता दुखलं तर सांगायचं मला. सांगशील ना?"

"हो काकू," ती म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली की त्यात काहीच नव्हतं. मोठ्या माणसाला हो म्हणायचं असतं म्हणून ती हो म्हणाली. चार दिवसांनी साहित्याच्या चाचणीला मी दर दहा मिनिटांनी तिच्या वर्गावरून चक्कर मारली. ती डावा डोळा तळहाताने दाबून लिहीत होती. मी दारातून खूण केली, तर तिने हात झटकन खाली घेतला आणि मान हलवली. तिच्यापुढे बसलेला मुलगा माझ्याकडे, मग तिच्याकडे बघून हसला. खोटारडी म्हणून वर्गात तिचं नाव पडलं होतं, हे मला त्या हसण्यावरून कळलं.

वुओंग सर आमचे उपमुख्याध्यापक. मुलांच्या फाइली त्यांच्या कपाटात असतात. मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं, यावेळी काही न गाळता. तो कागद मला परत हवाय म्हटलं, आणि वर्गासमोर मला बोलायचंय म्हटलं.

सरांनी चहा ओतला. "थोआबाई, ऑगस्टमध्ये तुम्ही निवृत्त होताय. गौरवपत्रासाठी तुमचं नाव मी स्वतः वर पाठवलंय. हे आता कुठून काढलंत?"

"पोरीची परीक्षा जाईल, सर."

"हा घ्या कागद." त्यांनी खरंच फाइल काढून कागद माझ्या हातात दिला. "फाडा, जाळा, काय करायचं ते करा. फाइल साफ झाली. पण वर्गात जाऊन मोठ्या माणसाने मुलांची माफी मागायची, हे आपल्याकडे चालत नाही. उद्या प्रत्येक बाप येऊन उभा राहील, माझ्या पोराच्याही कागदाचं बघा म्हणून. तुमचं काम झालंय, आता शांत बसा."

मी बसले शांत. एक नाही, नऊ दिवस बसले. कागद घरी कपाटात कपड्यांखाली दडवला. गौरवपत्राचा मोह होता का? होता. त्याहून जास्त होती ती बेचाळीस पोरांसमोर तोंड दाखवायची लाज. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांना त्या जागी उभं केलं होतं आणि तिथे उभं राहिल्यावर पाय कसे होतात याचा एकदाही विचार केला नव्हता.

नवव्या दिवशी पुन्हा सराव परीक्षा झाली आणि मिएनने दोन तासांत चार ओळी लिहिल्या. तो शनिवार होता. शेवटच्या तासाला मी क्वेनच्या वर्गात गेले.

सगळा वर्ग उभा राहिला. मी त्यांना बसायला सांगितलं. क्वेनला मी आधी कल्पना दिली नव्हती, पण माझा चेहरा बघून ती खुर्ची सोडून बाजूला झाली. मी कागद लिहून आणला होता, साच्याप्रमाणे. वर देशाचं नाव. मी थोआ, आरोग्य खोलीची परिचारिका. तो कागद मी टेबलावर ठेवून वाचला.

"डिसेंबर महिन्यात मिएनने मला सांगितलं की तिचं डोकं दुखतंय. ती खरं सांगत होती. तिला अर्धशिशी आहे. परीक्षेच्या धास्तीने ती उठते, म्हणून ती परीक्षेच्या दिवशी यायची. मी तिला खोटारडी ठरवलं. या वर्गासमोर तिने जो कागद वाचला त्यातलं एकही वाक्य तिचं नव्हतं, सगळी मी सांगितली होती. वर्गाचे गुण तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे गेले. तिने दिलेलं वचन मी रद्द करते. दुखलं तर सांगायचं. तिने, आणि तुम्ही सगळ्यांनी. मी वचन देते की..."

पुढचं मला वाचता आलं नाही. अक्षरं तर दिसत होती. मी तशीच उभी राहिले.

मुलांना काय करावं कळेना. मग मोठ्या माणसाचं भाषण संपलं की जे करायचं असतं ते वर्गप्रमुखाने केलं. त्याने टाळी वाजवली. त्याच्या मागे सगळ्या वर्गाने वाजवली. नेहमीच्या ठेक्यात, जोरजोरात. त्यात कुचेष्टा नव्हती. मी पाहुणी असते तर खूश झाले असते.

खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर मिएनही टाळ्या वाजवत होती. प्रत्येक टाळीला तिच्या पापण्या घट्ट मिटत होत्या आणि तरी ती वाजवत होती, कारण सगळे वाजवत होते. सकाळचा पेपर तिच्या डोक्यातून अजून उतरला नव्हता.

मी तिच्या बाकापर्यंत गेले आणि तिचे दोन्ही हात माझ्या हातांत धरले. बर्फासारखे गार होते. टाळ्या इकडून तिकडून विरळ होत थांबल्या.

"मिएन," मी हळू विचारलं. "दुखतंय का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डावी पापणी अर्धी उतरली होती, ओठांवर घाम होता. ती हसली, मोठ्यांशी हसायचं असतं तशी.

"नाही काकू," ती म्हणाली. "अजिबात नाही."

मी परत विचारलं नाही. तिचे हात सोडले नाहीत. वर्गाकडे वळून मी म्हणाले, "घरी जा सगळ्यांनी. आवाज करू नका."

घंटेला अजून दहा मिनिटं होती, पण क्वेनने स्वतःच दार उघडलं. मुलं उठली. पुढे बसणाऱ्या त्या हसऱ्या मुलाने आपली खुर्ची फरशीवरून न ओढता दोन्ही हातांनी उचलली आणि अलगद बाकाखाली ठेवली. त्याचं बघून शेजारच्याने तसंच केलं, मग त्याच्या मागच्याने. एकेचाळीस खुर्च्या उचलल्या गेल्या आणि ठेवल्या गेल्या. दप्तरं छातीशी धरून एकेक जण बाहेर पडला. शेवटचा दाराबाहेर गेला तेव्हा मिएनचं कपाळ बाकावर टेकलं होतं.